काळविटाची ढाल



वसंतातील या व्याख्यानमालेत आपण बहुधा थोर पुरुषांविषयी ऐकता. आज थोडा वेळ आपल्या मुक्या शेजाऱ्यांविषयी बोलावे, असे आम्ही योजिले आहे. हे शेजारी फार दूरचे नाहीत. छत्रपती संभाजीनगरहून मनमाडच्या दिशेने निघालो की वैजापूर तालुक्याचे माळ लागतात आणि त्यापलीकडे येवले तालुक्यातील ममदापूर. या टापूत काळविटांचे कळप आजही चरतात. या प्राण्याला ना सुळे, ना नख्या. मग लांडग्या-बिबळ्यांच्या शेजारात त्याने आपला वंश टिकवला कसा, हा आजचा प्रश्न आहे.

काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि रोही, म्हणजे नीलगाय, यांना आपण सरसकट हरणे म्हणतो. परंतु चितळ-सांबरांची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी येतात. या चौघांची शिंगे गळत नाहीत. हे प्राणी खरे म्हणजे गाई-शेळ्यांच्या कुळातले. आता कोणी म्हणेल, मग रक्षणासाठी शिंगे आहेतच की! पण काळविटाची ती पिळदार शिंगे मुख्यतः दुसऱ्या नराशी झुंजण्यासाठी असतात. मादीला सहसा शिंगे नसतात, आणि पाडस तर तिच्याच पदरात असते. तेव्हा खरे शस्त्र डोक्यावर नाही, ते अन्यत्र शोधले पाहिजे.

पहिले शस्त्र डोळ्यांचे. ते डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे चरता चरता चहूकडचा माळ नजरेत राहतो. दुसरे शस्त्र कळपाचे. एकाची मान गवतात असते तेव्हा दुसऱ्याची वर असते. पहारा वाटून घेतलेला असतो. तिसरे शस्त्र उडीचे. संशय आला की एखादी मादी चारही पाय उचलून उंच उसळते आणि मागोमाग सारा कळप उसळू लागतो. पळून जाण्याऐवजी उड्या मारण्यात शक्ती कशाला घालवायची, असे आपल्याला वाटेल. पण ती उडी म्हणजे वैऱ्याला धाडलेला निरोपच असावा: 'तुला आम्ही पाहिले आहे, आमच्या अंगात दम आहे, तू उगीच कष्ट घेऊ नकोस.' पूर्व आफ्रिकेतील थॉमसनच्या गॅझेलविषयी १९८८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की रानकुत्री कमी उसळणाऱ्या गॅझेलची निवड करतात. म्हणजे वैरीही तो निरोप वाचतो!

चौथे शस्त्र पायांचे. काळवीट ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने धावतो. लांडगा एवढा वेगवान नाही. मग एवढा वेग आला कोणासाठी? याचे उत्तर चित्त्यात असावे, असे मानतात. भारतातील अखेरचे समजले जाणारे तीन चित्ते १९४७ साली कोरिया संस्थानात मारले गेले. पुढे २०२२ साली आफ्रिकेतून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. आपल्या माळावरून चित्ता गेला, पण त्याच्या धाकाने घडलेले पाय काळविटापाशी राहिले.

या चित्त्याचीच एक गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवीत. चित्त्याला डोळे बांधून बैलगाडीत बसवीत आणि गाडी सावकाश कळपाजवळ नेत. काळवीट पळत नसत, कारण शेतकऱ्याची गाडी ते रोज पाहत. ज्याला वैरी म्हणून ओळखले नाही, त्याच्यापुढे डोळा, कळप, उडी आणि पाय ही चारही शस्त्रे फुकट गेली.

बंधुभगिनींनो, आजची स्थिती याहून वेगळी आहे काय? कठडा नसलेली विहीर ही काळविटाला वैरी वाटत नाही. भरधाव मोटारीला उडीचा निरोप वाचता येत नाही. गावाकडची मोकाट कुत्री टोळीने पाठलाग करतात आणि कळपाला तारेच्या कुंपणावर नेऊन अडकवतात. पाडसाचे शस्त्र तर याहून नाजूक. जन्मल्यावर काही दिवस ते गवतात निपचित पडून राहते. आई दूर चरते आणि दूध पाजायला तेवढी येते. कोल्ह्याला चकवण्याची ही युक्ती माणसापुढे उलटते. आपल्याला वाटते, पोरके पिल्लू सापडले, आणि दयेपोटी आपण ते घरी आणतो. दया खरी, पण आई परत येते तेव्हा जागा रिकामी!

ही सारी शस्त्रे एकाच ढालीच्या आड चालतात, ती ढाल म्हणजे उघडा माळ. दूरवर दिसले तर डोळा कामाचा, मोकळे असले तर पाय कामाचे. आणि या माळाला आपण म्हणतो पडीक! तो नांगरला किंवा त्यावर दाट झाडी लावली, तर आपण काळविटाची ढालच काढून घेतो. अहिल्यानगर जिल्ह्यात रेहेकुरीचे अभयारण्य १९८० साली झाले खरे. पण ते अवघे दोन चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. एवढ्यात कळप मावणार कसा? तो शेतात उतरतो आणि नुकसान सोसतो शेतकरी. त्याचे गाऱ्हाणे खोटे नाही. त्याला भरपाई वेळेवर मिळावी, असे म्हणणे हेही काळविटाचेच रक्षण आहे.

१९७२ च्या कायद्याने काळविटाला संरक्षण दिले आहे. पण कायदा विहिरीला कठडा बांधायला येत नाही. तो आपणच बांधावा लागतो. आपले कुत्रे आपणच बांधावे, पाडस दिसले तर आपणच मागे फिरावे. काळविटाने आपली शस्त्रे युगानुयुगे पारखून घेतली आहेत. त्याला आपल्याकडून नवे शस्त्र नको. त्याचा माळ तेवढा त्याला राहू द्यावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.