उष्णोदकाच्या कुंडाचा पाया

चोपडा तालुक्यांत अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशीं, उनपदेव म्हणून एक स्थान आहे. तेथें दगडी गोमुखांतून ऊन पाणी कुंडांत पडतें, आणि कुंडाचा भार पेलावयास खालीं डोंगर आहे. हल्लीं असलें कुंड, ज्यास 'हॉट टब' म्हणतात, घराच्या अंगणांत बसविण्याची हौस निघाली आहे. जळगांव-धुळ्याच्या एखाद्या गृहस्थास तो मोह पडला तर नवल नाहीं. मात्र त्याच्या अंगणाखालीं बहुधा काळी माती असते, आणि आज बोलावयाचें तें तिच्याविषयीं.

गृहस्थाची पहिली शंका वजनाची असते. हिशेब सोपा आहे. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि 75 सेंटिमीटर खोल पाणी म्हणजे 3 घनमीटर. वजन 3,000 किलो. (कांठोकांठ भरलेल्या कुंडांत माणसें उतरलीं तर जवळजवळ तेवढ्याच वजनाचें पाणी बाहेर सांडतें, तेव्हां त्यांचा भार वेगळा धरण्याचें कारण नाहीं. आर्किमिडीजचें हें तत्त्व माझ्या वर्गांतील मुलांना बादलीवांचून कधीं पटलें नाहीं!) टबाचें स्वतःचें वजन धरूनही दर चौरस मीटरवर एक टन भार येत नाहीं.

एवढा भार काळी माती सहज सोसते. भय आहे तें तिच्या फुगण्याचें. तिच्यांत माँटमोरिलोनाइट नांवाची चिकणमाती असते. तिच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें कीं ती फुगते, आणि अडविली असतां कित्येकदां दर चौरस मीटरला पांच टनांहूनही अधिक जोरानें वर रेटते. वैशाखांत ज्या शेतांत हात जाईल एवढ्या भेगा असतात, तेथें आषाढांत भेग शोधूनही सांपडत नाहीं, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे.

अंगणांतही तेंच घडतें, परंतु विषम रीतीनें. पावसाचें पाणी ओट्याच्या कडांखालीं आधीं पोंचतें, मध्यभाग कोरडाच राहतो. कडा उचलल्या जाऊन ओटा तडकतो. टब कलला कीं नळांचे सांधे ढिले होतात. तेथून झिरपलेलें पाणी त्याच कोपऱ्याखालच्या मातीस मिळतें, आणि कोपरा अधिकच वर येतो. माझ्या एका परिचितांनीं पाण्याच्या टांकीसाठीं असाच ओटा भर उन्हाळ्यांत, भेगाळलेल्या मातीवर घालविला, आणि श्रावणांत गवंड्यास बोल लावला.

काम दिवाळीनंतर काढावें. काळी माती उकरतांना मीटरभराच्या आंत मुरूम लागला, तर पाया त्यावरच घ्यावा. तापीकांठीं ती कित्येक मीटर खोल जाते. तेथें मीटरभर खणून खड्डा थोड्या चिकट मुरुमानें भरावा. वाळू स्वस्त मिळाली तरी घालूं नये. तिच्यांतून पाणी सरळ खालीं उतरून काळ्या मातीवर सांचतें. मुंबईच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक कट्टी यांनीं, चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा सुमारें मीटरभर थर खालची फूग आवरतो, असें प्रयोगांनीं दाखविलें, आणि कालव्यांच्या कामीं ती रीत उपयोगांत आली.

खड्डा ओट्याहून चोहों बाजूंनीं अर्धा मीटर मोठा असावा. मुरूम 15 सेंटिमीटरच्या थरांनीं, पाणी शिंपून, धुमसानें ठोकावा. या कामांत मजूर कंटाळतात; मालकानें कंटाळूं नये. त्यावर 15 सेंटिमीटर जाडीचें, सळयांची जाळी घातलेलें काँक्रीट. घराच्या जोत्याशीं तें जोडूं नये, दोन बोटें फट ठेवावी, कारण घर आणि ओटा एकाच वेळीं हालत नाहींत. आमच्याकडील कोरड्या हवेंत ओलीं गोणपाटें चौदा दिवस तरी हवींत. पाणी भरावें तें 28 दिवसांनंतर.

टबाखालील पृष्ठ अगदीं सपाट, आणि भोंवतालच्या फरशीस मात्र बाहेर उतार. टब रिकामा करतांना निघणारे 3,000 लिटर पाणी नळीनें दूर न्यावें. शेजारींच केळीचें आळें करून तें जिरविण्याची युक्ति जळगांवकरांस सुचेलच. तें आळें ओट्यापासून निदान चार-पांच मीटर लांब असूं द्यावें.