पडदा अंधारला तरी दप्तर शाबूत असते

(बालाघाट येथे शिक्षक, ग्रामपंचायतींचे कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वैनगंगेच्या या खोऱ्यात मराठीतून बोलण्याची संधी मिळाली, याचा मला आनंद वाटतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. शेजारचा भंडारा जिल्हा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला; तरी येथील अनेक घरांतील मराठी काही थांबली नाही. शाळेत हिंदी, घरात मराठी किंवा पोवारी आणि संगणकाच्या कळफलकावर इंग्रजी अशी आपली तीन भाषांची वहिवाट आहे. आजच्या विषयाशी या वहिवाटीचा जवळचा संबंध आहे, तो पुढे येईलच.

विषय आहे लिनक्स प्रणालीच्या नव्या संगणकावर पडदा काळा पडणे, चित्र बिघडणे किंवा कुलूपबंद पडदा न उघडणे या अडचणींचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण मोफत आधार संपला. विंडोज ११ पुष्कळशा जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. त्यामुळे धडधाकट यंत्रे मोडीत काढण्याऐवजी त्यांवर लिनक्स बसविण्याचा विचार अनेक ठिकाणी होऊ लागला. लिनक्सचा गाभा लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली प्रसिद्ध केला. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली भारतीय भाषांच्या सोयीसह तयार केली, आणि केरळच्या सरकारी शाळांत मुक्त प्रणाली कित्येक वर्षांपासून वापरात आहेत. तेव्हा हा मार्ग नवखा नाही. नवखे असतो ते आपण, आणि नवख्या माणसाला पहिली धडकी भरते ती पडदा काळा झाला म्हणजे.

एका शाळेतील प्रसंग सांगतो. सत्राच्या अखेरीस संगणकाचा पडदा कुलूपबंद झाला आणि परवलीचा शब्द काही केल्या स्वीकारला जाईना. दुरुस्तीसाठी माणूस बोलावला. त्याने विचारपूस न करता सारे पुसून प्रणाली नव्याने बसविली. संगणक सुरू झाला, परंतु वर्षभराची गुणपत्रके गेली. दोन शिक्षकांनी उत्तरपत्रिकांवरून ती पुन्हा भरून काढली. मागाहून लक्षात आले की, यंत्रात बिघाड मुळीच नव्हता. आदल्या दिवशी मराठी टंकलेखन करून कळफलक तसाच मराठीवर ठेवला होता, आणि इंग्रजी परवलीचा शब्द देवनागरी अक्षरांत उमटत होता. पडद्यावर मात्र नुसते ठिपके दिसत होते. ठिपक्यांना भाषा नसते!

आजच्या भाषणाचे सार एवढेच की, पडदा अंधारला म्हणजे दप्तर गेले असे नव्हे. बिघाड कोणत्या पायरीवर आहे ते आधी ठरवावे. पुसून टाकणे हा उपाय शेवटचा समजावा.

बिघाडाची पायरी ओळखणे

संगणक सुरू होताना तीन पायऱ्या असतात. पहिली वीज आणि तारांची. दुसरी लिनक्सच्या गाभ्याची व चित्र उमटविणाऱ्या ड्रायव्हरची. तिसरी प्रवेशाची, म्हणजे नाव, परवलीचा शब्द आणि कुलूप यांची.

पडदा काळा असता कळफलकावरील कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र बहुधा जागे आहे आणि अडचण केवळ चित्राची आहे. दिवा ढिम्म राहिला तर यंत्र गोठले असण्याचा संभव अधिक. ज्या कळफलकाला असा दिवाच नाही, तेथे ही परीक्षा लागू नाही.

पहिली पायरी : तारा

मॉनिटरचा स्वतःचा दिवा लागला आहे काय, हे आधी पाहावे. नंतर केबल पाहावी. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड बसविलेले असते, त्याच्या पाठीमागे चित्राची केबल लावण्यास दोन जागा असतात. एक मूळ यंत्राची, दुसरी कार्डाची. केबल कार्डाच्या जागी लावावी. नव्या यंत्राचा पडदा पहिल्याच दिवशी काळा राहण्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

अक्षरे अवाढव्य व फिसकटलेली दिसत असतील तर पडद्याचे खरे मोजमाप संगणकाला कळलेले नसते. मॉनिटर आपले मोजमाप केबलमधूनच कळवीत असतो. जुन्या व्हीजीए केबलची एखादी पिन वाकली तर हा निरोप पोहोचत नाही. केबल बदलून पाहावी, आणि मग सेटिंग्जमधील डिस्प्ले या भागात योग्य मोजमाप निवडावे.

दुसरी पायरी : गाभा आणि ड्रायव्हर

यंत्र सुरू होताच निर्मात्याचे चिन्ह दिसते आणि त्यानंतर पडदा काळा होतो, अशी तक्रार असल्यास दोष बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो. यंत्र सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप कळ दाबली म्हणजे ग्रब नावाची यादी उघडते. तीत प्रगत पर्याय असतात आणि त्यांत लिनक्सचा आधीचा गाभाही जपून ठेवलेला असतो. काल चालणारे यंत्र नव्या सुधारणांनंतर, किंवा त्या बसत असताना वीज गेल्यानंतर, आज काळे पडले असेल तर जुना गाभा निवडून पाहावा.

जुन्यानेही भागले नाही, किंवा यंत्र नवेच असेल, तर त्या यादीतील पहिल्या ओळीवर ई ही कळ दाबावी. उघडलेल्या मजकुरात लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून नोमोडसेट हा शब्द इंग्रजीत जोडावा. त्याची अक्षरे एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी अशी आहेत. नंतर एफ-१० दाबावी. या शब्दामुळे गाभा कार्डाच्या खास करामती बाजूला ठेवतो व साधे चित्र दाखवितो. हा बदल त्या वेळेपुरताच असतो. चित्र दिसू लागले की ड्रायव्हर व्यवस्थापकातून योग्य ड्रायव्हर बसवावा. नोमोडसेट कायमचा ठेवू नये.

एनव्हिडिया कंपनीचे कार्ड असल्यास आणखी एक सूचना. सिक्युअर बूट ही सोय चालू असता नवा ड्रायव्हर बसविताना एक परवलीचा शब्द ठरवून घेतला जातो. पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळ्या पडद्यावर तोच विचारला जातो. लोक घाबरून हा निळा पडदा ओलांडून पुढे जातात आणि ड्रायव्हर कामाला लागत नाही. तेथे थांबून नोंदणी पुरी करावी.

तिसरी पायरी : कुलूपबंद पडदा

येथे आपली तीन भाषांची वहिवाट आडवी येते. एकाच संगणकावर इंग्रजी, हिंदी आणि मराठी असे तीन कळफलक बसविलेले असतात. परवलीचा शब्द नाकारला गेला तर पडद्याच्या कोपऱ्यात चालू भाषेची खूण पाहावी. तीवर क्लिक करून, किंवा ग्नोम या प्रकारात विंडोजचे चिन्ह असलेली कळ व स्पेस एकत्र दाबून, इंग्रजी निवडावी. काही रचनांत आकडेसुद्धा देवनागरी उमटतात, हे ध्यानात असावे. शब्दाच्या चौकटीत डोळ्याचे चिन्ह असेल तर, पाठीमागे कोणी उभे नसताना, ते दाबून नेमके काय उमटते ते पाहावे. त्यानंतर कॅप्स लॉक आणि नम लॉक तपासावे. पन्नास वेळा तोच शब्द रागाने बडविण्यापेक्षा हे तीन क्षण सार्थकी लागतात.

शब्द नाकारला जात नाही, पण पडदा क्षणभर लुकलुकून पुन्हा प्रवेशाच्याच पाटीवर येतो, असेही घडते. म्हणजे शब्द बरोबर आहे, परंतु आत पाऊल ठेवण्यास जागा नाही. बहुतेक वेळा डिस्क काठोकाठ भरलेली असते. अशा वेळी कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ एकत्र दाबावे. केवळ अक्षरांचा पडदा उघडतो. तेथे नाव व परवलीचा शब्द द्यावा. शब्द टाइप करताना ठिपकेही दिसत नाहीत, त्यामुळे गोंधळू नये. मग डी, एफ, एक मोकळी जागा, आडवी रेघ आणि एच असे इंग्रजीत लिहून एंटर दाबावे. कोणत्या भागात किती जागा उरली, त्याचा तक्ता समोर येतो. शंभर टक्के असा आकडा दिसला तर दोष सापडला. चित्राच्या पडद्याकडे परतण्यास कंट्रोल, आल्ट व एफ-१, एफ-२ किंवा एफ-७ यांपैकी एक कळ लागते.

कधी कुलपाचा कार्यक्रमच कोसळतो. जानेवारी २०२१ मध्ये लिनक्स मिंट या प्रणालीबाबत एक प्रकार उघडकीस आला. एका गृहस्थाची मुले खेळता खेळता खऱ्या कळफलकावर आणि पडद्यावरील कळफलकावर एकाच वेळी कळा बडवीत होती. कुलपाचा कार्यक्रम कोसळला आणि परवलीचा शब्द न देताच संगणक उघडला! मूळ दोष एका दुसऱ्या सुधारणेतून शिरला होता. गृहस्थाने तो रीतसर कळविला आणि काही दिवसांतच दुरुस्ती मिळाली. यावरून दोन गोष्टी शिकाव्यात. सुधारणा वेळच्या वेळी बसवाव्यात, आणि मुलांनी दोष दाखविला तर त्यांना रागावू नये.

याच्या उलट, केडीई प्लाझ्मा या प्रकारात कुलूप कोसळले तर पडदा बंदच राहतो आणि कुलूप बिघडल्याची सूचना दिसते. कोणत्या कळा दाबून अक्षरांच्या पडद्यावर जावे व कोणती आज्ञा लिहावी, हेही त्या सूचनेत असते. ती कागदावर जशीच्या तशी उतरून घ्यावी. हा प्रकार त्रासाचा वाटतो, पण मोडलेल्या कुलपाने दार उघडे टाकण्यापेक्षा बंद ठेवणे केव्हाही बरे.

पुसण्यापूर्वी

एवढे करूनही यश आले नाही, तर ज्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स बसविले, त्यावरूनच यंत्र सुरू करावे आणि प्रणाली न बसविता वापरून पाहण्याचा पर्याय निवडावा. आतील फाइली दिसतात. त्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. परवलीचा शब्द विसरला असल्यास जाणकार माणूस रिकव्हरी पर्यायातून तो बदलूनही देऊ शकतो.

आता कोणी विचारील, मग या कुलपाचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. कुलूपबंद पडदा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेपासून राखण करतो. यंत्र उचलून नेणाऱ्यापासून नव्हे. त्यासाठी खोलीला कुलूप हवे, किंवा प्रणाली बसवितानाच डिस्क सांकेतिक करावयास हवी. परंतु सांकेतिक डिस्कचा परवलीचा शब्द हरवला आणि पर्यायी किल्लीही जपलेली नसली, तर ती उघडण्याचा उपाय कोणापाशीही नाही. म्हणून तो शब्द बंद पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या किंवा कार्यालय प्रमुखांच्या कपाटात ठेवावा. आठवड्यातून एकदा महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. आणि संगणकाशेजारी एक साधी वही असावी. काय दिसले, त्यापूर्वी काय बदलले, कोणता उपाय लागू पडला, हे तीत तारखेनिशी लिहावे.

वैद्याकडे गेल्यावर तो आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. आपल्या शाळेत, ग्रामपंचायतीत संगणक दुरुस्तीस कोणी आला, तर आधी आपल्या फाइलींची प्रत काढावयास सांगा. तोपर्यंत डिस्कला हात लावू देऊ नका. त्या फाइलींत एखाद्या मुलीचे गुण असतात, एखाद्या शेतकऱ्याचा अर्ज असतो. यंत्र नवे आणता येते. तो मजकूर पुन्हा लिहिणे फार कठीण जाते.