चकाकीचा हिशेब



आज मी एका मोटारीबद्दल बोलणार आहे. माझ्याकडे मोटार नाही आणि मला ती चालवताही येत नाही. पण चकाकीशी आमच्या घराचा संबंध जुना आहे. माझे अब्बा कल्हईवाले होते. भाता आणि कोळशाचं पोतं सायकलला बांधून परभणीच्या आसपासच्या खेड्यांत फिरायचे. आधी पातेलं वाळूनं घासायचं, मग तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील टेकवायचं आणि कापसाच्या बोळ्यानं चटकन हात फिरवायचा. काळपट पितळेत चांदणं पडायचं. पातेल्यात उभं राहून पायांनी वाळू घासण्याचं काम माझ्याकडे होतं. मी रंगात आलो की अब्बा ओरडायचे, “बस कर, बेटा. भांडं पातळ होईल.”

माझ्या भाच्याचं जिंतूर रस्त्याला गाड्या धुण्याचं आणि पॉलिश करण्याचं छोटं दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात माझे एक सेलूचे मित्र तिथं एक लाल गाडी घेऊन आले. सॅन स्टॉर्म. दोनच माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ही गाडी गोव्यात तयार होऊ लागली. इंजिन रेनोचं, बॉडी फायबरची. फार थोड्या गाड्या निघाल्या आणि काम थांबलं. मित्राच्या धाकट्या भावानं गोव्यात नोकरीला असताना ती हौसेनं घेतली होती. भाऊ आता नाही. गाडी मात्र यांनी पोटच्या पोरासारखी जपली आहे. घरात लग्न होतं. “आरशासारखी कर आणि वरून सिरॅमिक कोटिंग मार. दारावरची ती रेघही दिसता कामा नये,” असं त्यांनी सांगितलं.

मला वाटलं, पॉलिश म्हणजे काहीतरी लावायचं. भाचा हसला. म्हणाला, “मामू, पॉलिश म्हणजे लावणं नाही, काढणं.” आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. वर्तमानपत्राचा कागदही सुमारे ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे गाडीचं सगळं तेज कागदाहून पातळ थरात! उन्हापासून रंग वाचवणारं रसायनही त्याच थरात. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतात ना, त्या कोरड्या फडक्यानं धूळ पुसल्यानं पडतात. पॉलिशचं यंत्र त्या रेघा भरत नाही. आजूबाजूचा थर रेघेच्या तळापर्यंत घासून सपाट करतं. जोरदार पॉलिश केलं तर तीन-चार मायक्रॉन जातात आणि गेलेला थर परत येत नाही.

पत्र्याच्या गाडीवर रंगाच्या सगळ्या थरांची मिळून जाडी किती आहे, ते एका छोट्या यंत्रानं मोजता येतं. पण ते यंत्र खाली धातू असला तरच चालतं. ही गाडी फायबरची. तिच्यासाठी ध्वनिलहरींवर चालणारं महाग यंत्र लागतं आणि ते भाच्याकडे नाही. शिवाय पत्रा उष्णता पसरवतो, फायबर पसरवत नाही. यंत्र एका जागी क्षणभर जास्त थांबलं, तर तिथला रंग जळतो. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका गाडीच्या कडेचा रंग भाच्याच्या हातून असाच उडाला होता. दोन महिन्यांची कमाई भरपाईत गेली होती.

म्हणून त्यानं मित्रांना सांगितलं, “काका, गाडी मुळातच चांगली आहे. सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात हलकं पॉलिश एकदा फिरवतो. दारावरची रेघ नखाला लागते, म्हणजे खोल आहे. तिला मी हात लावणार नाही.” मित्र संतापले. “परभणीत तू एकटाच आहेस का?” म्हणून गाडीकडे वळले. गिऱ्हाईक चाललं होतं आणि दुकानाचं भाडं थकलेलं होतं. भाचा गप्प उभा राहिला. माझ्या कानात मात्र अब्बांचा आवाज आला. मी मित्रांना बसवून घेतलं आणि चहा मागवला. पातेल्याची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गाडीकडे बघत बसले. मग म्हणाले, “ती रेघ त्याच्याच किल्लीची आहे. राहू दे.”

मग काम सुरू झालं. आधी गाडी धुतली. मग चिकणमातीसारख्या मऊ वडीनं चिकटलेली घाण उचलली. सावलीत हलकं पॉलिश झालं. पॉलिशचं तेल पुसून घेतल्यावर कोटिंगची पाळी आली. हे सिरॅमिक म्हणजे चिनी मातीची बरणी नव्हे. वाळूत जी सिलिका असते, तिच्या जातीचं हे द्रव रसायन आहे. चार थेंब गादीवर घ्यायचे, उभे-आडवे फिरवायचे, इंद्रधनुष्यासारखी झाक आली की स्वच्छ फडक्यानं पुसायचं. उशीर झाला तर ते तसंच घट्ट होतं आणि पुन्हा घासून काढावं लागतं. त्यानंतर दिवसभर पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही.

लोक समजतात, कोटिंग म्हणजे चिलखत. तसं नाही. थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. डब्यावर ‘९एच’ लिहितात, तो पेन्सिलीच्या कसोटीचा कठीणपणा आहे, हिऱ्याचा नाही. उडालेला खडा त्याला जुमानत नाही. त्याचा उपयोग एवढाच, की पाणी थेंब होऊन घरंगळतं आणि धूळ घट्ट धरत नाही. धुताना घासावं कमी लागतं, म्हणून रेघा कमी पडतात. तरी आपल्या बोअरचं पाणी क्षारांचं. थेंब उन्हात वाळला की पांढरा डाग ठेवून जातो. तेव्हा धुतल्याबरोबर मऊ फडक्यानं टिपायला हवंच. नीट जपलं, तर असं कोटिंग दोन-तीन वर्षं साथ देतं.

अब्बांवर मी एक कविता लिहिली होती. वीस वर्षं घासत राहिलो. हा शब्द खरबरीत, तो काढ. ती ओळ बोजड, ती काढ. शेवटी कविता लखलखीत झाली आणि तिच्यात अब्बा उरले नाहीत. भाच्याला जे पंचविशीत कळलं, ते मला पन्नाशी उलटल्यावर कळतं आहे.

लग्नात ती लाल गाडी मांडवाबाहेर उभी होती. दिव्यांची माळ तिच्यात पुरी उमटली होती. दारावरच्या रेघेपाशी तेवढी जराशी तुटत होती. मित्र येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटानं ती रेघ दाखवत होते.