परिचारिकेच्या वाट्याचे रुग्ण

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांचा लिंडा एकन व सहकाऱ्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. परिचारिकेच्या वाट्यास एक रुग्ण अधिक येताच ती खचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी, नोकरीविषयी असमाधानाची १५ टक्क्यांनी, आणि शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची ७ टक्क्यांनी अधिक आढळली. दुकानात गर्दी झाली तर गिऱ्हाईक फार तर शेजारी जाते. खाटेवरच्या रुग्णास ती सोय नाही. खाटेसाठी देणगीदार मिळतात, परिचारिकेच्या वेतनासाठी क्वचितच. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला. तेथे २००५ पासून सर्वसाधारण कक्षात एकीकडे पाचच रुग्ण. ती जेवायला उठली, तरी तेवढ्यापुरतेही प्रमाण मोडता येत नाही.