सकाळचे पुस्तक, संध्याकाळची वस्ती
(बुऱ्हाणपूर येथील स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांनी केलेले भाषण)

बहाई तरुणांच्या उन्हाळी कार्यक्रमात दिवसाचे दोन भाग असतात. सकाळी आठ-दहा जण गोल करून बसतात आणि एक छोटे पुस्तक परिच्छेदा-परिच्छेदाने वाचतात. उन्हे कलली की तीच मंडळी वस्तीत जातात. कोणी ओट्यावर लहान मुलांचा वर्ग घेते, कोणी बारा-चौदा वर्षांच्या मुलांचा गट जमवते, कोणी एखाद्या घरी बसून घरच्यांशी बोलते. सकाळी वाचलेले संध्याकाळी करून पाहायचे आणि संध्याकाळी जे जमले नाही ते दुसऱ्या सकाळी गोलात मांडायचे, अशी ही रचना आहे. शिबिर आठवड्याचे असो वा महिन्याचे, ही ये-जा थांबली तर मागे फक्त सहल उरते.

असा कार्यक्रम या समाजात का रुजला, याचे कारण त्या धर्माच्या घडणीतच आहे. बहाई धर्मात पुरोहित नाही, मौलवी नाही, पाद्रीही नाही. कोणीतरी सांगावे आणि बाकीच्यांनी मान डोलवावी, अशी सोयच नाही. ग्रंथ स्वतः वाचायचा, स्वतः उमजून घ्यायचा आणि उमजले तसे वागायचे, ही जबाबदारी वयाच्या पंधराव्या वर्षापासून प्रत्येकावर येते. समाजाचा कारभार गुप्त मतदानाने निवडलेली नऊ-नऊ जणांची मंडळे पाहतात. निवडणुकीत ना उमेदवारी असते ना प्रचार. अशा समाजात लोकांनी अभ्यास सोडला तर समाज चालवणारे दुसरे कोणी नसते.

बुऱ्हाणपूरला हा धर्म जिथून आला तो इराण परका नाही. तापीच्या या काठावरचे शहर फारुकी सुलतान नासिर खानाने खुलदाबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने वसवले, तर पलीकडच्या काठावरचे झैनाबाद शेख झैनुद्दीन शिराझी यांच्या नावाने. त्याच शिराझ शहरात २२ मे १८४४ च्या संध्याकाळी, पुढे ‘बाब’ या नावाने ओळखल्या गेलेल्या एका व्यापाऱ्याने नव्या युगाची घोषणा केली. तेव्हा त्यांचे वय होते अवघे चोवीस. सहा वर्षांनी, १८५० मध्ये, तबरीझ येथे त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्यानंतर बहाउल्लाह (१८१७ ते १८९२) यांनी या धर्माला आजचे रूप दिले. ईश्वर एक, सर्व धर्मांचा उगम एक आणि मानवजात एक, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. सेवेच्या भावनेने केलेल्या कामाला त्यांनी उपासनेचा दर्जा दिला. इराणच्या शहाला लिहिलेले त्यांचे पत्र १८६९ मध्ये अक्क्याहून तेहरानपर्यंत पायी नेणारा बदी हा सतरा वर्षांचा मुलगा होता. त्या पत्रापायी त्याला प्राण गमवावे लागले. या धर्माच्या आरंभाच्या कथांमध्ये तरुण माणसे जागोजाग भेटतात. तरुणांवर मोठी कामे सोपवण्याची सवय तिथूनच आली असावी.

भारतात हा संदेश १८७२ च्या सुमारास जमाल एफेंदी यांच्याबरोबर आला. मुंबईशी त्याचे नाते छापखान्याचेही आहे: बहाउल्लाह यांचा नियमग्रंथ ‘किताब-ए-अकदस’ १८९० च्या सुमारास मुंबईत छापला गेला. पाचगणीला १९४५ मध्ये न्यू एरा ही बहाई शाळा सुरू झाली. याच मुंबई-पाचगणीच्या वातावरणात वाढलेल्या शिरीन फोजदार यांचे नाव इथे घ्यायलाच हवे. त्यांचा जन्म १९०५ चा, मुंबईतला. शिक्षणाचा काही काळ पाचगणीत गेला. सतराव्या वर्षी त्यांनी कराचीच्या बहाई अधिवेशनात सार्वत्रिक शिक्षणावर निबंध वाचला. १९५० मध्ये त्या सिंगापूरला गेल्या, १९५२ मध्ये तिथे स्त्रियांची संघटना उभारण्यात पुढे राहिल्या आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध वर्षानुवर्षे झगडल्या. सिंगापूरचा १९६१ चा स्त्रियांविषयीचा कायदा त्या झगड्याचे फळ आहे. सतराव्या वर्षी वाचलेला एक निबंध एवढ्या लांब पोहोचतो, ही गोष्ट शाळेतल्या निबंधस्पर्धेकडे पाहताना लक्षात राहावी.

मध्य प्रदेशात मात्र गोष्ट खेड्यांतून वाढली. १९६१ मध्ये शाजापूर जिल्ह्यातल्या एका गावी भरलेल्या सभेपासून माळव्यात हजारो ग्रामस्थ या धर्माकडे वळले. त्यांना प्रोत्साहन देणाऱ्यांत डॉ. रहमतुल्लाह मुहाजिर हे इराणी वैद्य होते. लोक आले, पण त्यांना वाचून दाखवणारे, त्यांच्या मुलांना शिकवणारे हात पुरेसे नव्हते. नेमकी हीच अडचण दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात होती. तिथे १९७० च्या दशकात उत्तर मिळाले. तेहरानला जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले फरझाम अरबाब हे काली शहराच्या विद्यापीठात शिकवायला गेले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या ग्रामीण भागातल्या तरुणांबरोबर काम करता करता जी पाठ्यपुस्तके घडवली, ती ‘रूही’ या नावाने जगभर गेली. विद्वानाने खोलीत बसून ती लिहिली नाहीत. आधी गावात काम झाले, मग त्या अनुभवातून धडा लिहिला गेला आणि तो पुन्हा गावात तपासला गेला. म्हणूनच या पुस्तकांची भाषा साधी आहे आणि ऊस तोडणाऱ्याच्या मुलाला व महाविद्यालयातल्या मुलीला ती एकत्र बसून वाचता येतात.

उन्हाळी वर्गात बहुधा पहिल्या पुस्तकापासून सुरुवात होते. त्याचे तीन भाग आहेत: पवित्र वचने समजून घेणे, प्रार्थना, आणि जीवन व मृत्यू. गोलात एक ट्यूटर असतो. पण तो गुरुजींसारखा फळ्यापाशी उभा राहत नाही, सगळ्यांच्या रांगेतच बसतो. एक वचन वाचायचे, त्यावरच्या प्रश्नाचे उत्तर आधी त्या वचनातल्याच शब्दांत द्यायचे, मग आपल्या रोजच्या जगण्यात त्याचा अर्थ काय ते बोलायचे आणि शेवटी ते पाठ करायचे. पहिल्या दिवशी ही पद्धत फार बाळबोध वाटते. वचनात लिहिले आहे तेच पुन्हा सांगायचे, तर त्यात शिकायचे काय, असे हुशार मुलाला वाटते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उमगते की दुसऱ्याचे म्हणणे आधी नीट ऐकून घेण्याचा हा सराव आहे. मत त्यानंतर द्यायचे. तरी एक धोका आहेच. ट्यूटर घाईत असला, पाने उलटण्याचा हिशेब ठेवू लागला, तर हाच वर्ग घोकंपट्टीचा होतो आणि मुले तोंडाने बोलतात, मनाने खिडकीबाहेर असतात. या पद्धतीचे यश छापील पुस्तकापेक्षा गोलातल्या माणसांच्या धीरावर अवलंबून आहे.

दुसरे पुस्तक सेवेसाठी घराबाहेर कसे पडायचे ते शिकवते, तिसरे लहान मुलांचा वर्ग घ्यायला, पाचवे किशोरांच्या गटाबरोबर काम करायला. लहान मुलांचा वर्ग साधा असतो, पण तयारी मागतो. प्रार्थना, एक गाणे, एक वचन पाठ करणे, एक गोष्ट, एक खेळ आणि शेवटी चित्र रंगवणे, असा त्याचा क्रम. मनाची निर्मळता, न्याय, प्रेम, सत्य, औदार्य असा एकेक गुण घेऊन धडा बांधलेला असतो. अठरा वर्षांच्या मुलीला सात वर्षांच्या वीस मुलांना पाऊण तास गोष्टीत गुंतवून ठेवायला सांगितले की तिला आपल्या शिक्षकांचे मोल कळते. गोष्ट फसते, खेळात भांडण होते, रंगाच्या कांड्या कमी पडतात. ही फजिती दुसऱ्या सकाळी गोलात हसत-हसत पण नेटाने तपासली जाते आणि दुसऱ्या संध्याकाळचा वर्ग थोडा बरा होतो.

बारा ते पंधरा हे वय बहाई कार्यक्रमात वेगळे धरले जाते. ही मुले लहानही नसतात आणि मोठ्यांतही कोणी धरत नाही. त्यांच्या गटाला जो मोठा मित्र लाभतो त्याला ‘ॲनिमेटर’ म्हणतात. गट एकत्र वाचतो, खेळतो, नाटुकली बसवतो आणि वस्तीतले एखादे काम स्वतः ठरवून करतो. त्यांच्या पुस्तकांतले एक, ‘ब्रीझेस ऑफ कन्फर्मेशन’, आफ्रिकेतल्या झांबियामधील मुसोंडा नावाच्या मुलीची आणि तिच्या भावंडांची गोष्ट सांगते. मोठे झाल्यावर काय व्हायचे आणि प्रयत्न केला की मदत कशी मिळते, हा त्या गोष्टीचा विषय. झांबियाच्या खेड्यातल्या मुलांची काळजी निमाडच्या खेड्यातल्या मुलांच्या काळजीपेक्षा फारशी वेगळी नाही, हे वाचताना मुलांना आपोआप कळते. वेगळे सांगावे लागत नाही.

सेवा हा शब्द सैल वापरला की तो झाडू हातात घेऊन काढलेल्या फोटोपुरता उरतो. ती पक्की असली की काय होते, याचे उदाहरण इंदूरला आहे. तिथे १९८५ मध्ये बहाईंनी ग्रामीण स्त्रियांसाठी एक संस्था काढली. आज ती ‘बारली’ म्हणून ओळखली जाते. भिली बोलीत बारली म्हणजे घराचा भार पेलणारा मधला खांब. झाबुआ, धार यांसारख्या जिल्ह्यांतल्या आदिवासी मुली तिथे काही महिने राहतात, अक्षरओळख, शिवणकाम, आरोग्य, शेती शिकतात आणि आपल्या गावी परततात. त्या काळात झाबुआ भागात नारूने थैमान घातले होते. बावडीच्या पाण्यातल्या बारीक किड्यांतून नारूचे जंतू पोटात जातात, सुमारे वर्षाने हातभर लांबीचा कृमी पायातून बाहेर येऊ लागतो, आणि तो पाय पुन्हा बावडीत पडला की पाणी पुन्हा दूषित. यावर औषध नाही, लस नाही. उपाय एकच: पाणी घट्ट विणीच्या फडक्यातून गाळून प्यायचे आणि फोड आलेला पाय बावडीत घालायचा नाही. हे भाषणाने होत नाही. सुनेने, लेकीने रोज घागर भरताना करायचे ते काम आहे. शिकून परतलेल्या मुलींनी ते घरोघर नेले. ३०२ गावांतून नारू हटवण्याच्या या कामासाठी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९९२ मध्ये या संस्थेला ‘ग्लोबल ५००’ सन्मान दिला. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. या संस्थेच्या कामात आयुष्य घालवलेल्या जनक पलटा मॅकगिलिगन यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली.

हाच धागा बुऱ्हाणपुरातही पाण्याशीच येऊन मिळतो. स्नेहसंमेलनाचा पडदा पडला की परीक्षा, परीक्षा संपली की मे महिना, आणि इथला मे म्हणजे केळीच्या बागांनाही धाप लागावी असा. असा कार्यक्रम इथे भरवायचा तर पुस्तक पहाटेच उघडावे लागेल आणि वस्तीत दिवस मावळतानाच जावे लागेल. सेवेचा विषय शोधायला दूर जायला नको. लालबागेच्या बाजूला कुंडी भंडारा आहे. जहांगिराच्या काळात, खानखानान अब्दुर्रहीम इथे असताना, इराणी जाणकारांच्या हातून ही योजना आकाराला आली. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या भुयारातून उताराने शहराकडे आणायचे आणि वरून जागोजाग विहिरीसारख्या कुंड्या ठेवायच्या, म्हणजे हवा, उजेड व साफसफाई साधते. शंभराहून अधिक कुंड्यांची ती माळ चार शतके शहराला पाणी देत आली. पाण्यातला चुना साचून भुयाराच्या भिंती आत आत येतात, कुंड्यांभोवती कचरा पडतो. किशोरांच्या एखाद्या गटाने एक कुंडी आपली मानावी, तिच्याभोवतीची जागा स्वच्छ ठेवावी, ती कशी चालते हे शेजारच्या दहा घरांत सांगावे. एवढे काम एका उन्हाळ्याला भरपूर आहे. इथे मराठी, हिंदी, उर्दू, सिंधी बोलणारी घरे एका गल्लीत नांदतात, खकनार-नेपानगरकडे कोरकू आणि बारेला वस्त्या आहेत. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत लेख कोरणाऱ्या शहराला वेगवेगळ्या घरांतली मुले एका गोलात बसवणे जड जाऊ नये.

पालकांच्या मनात एक प्रश्न येतो आणि तो रास्त आहे: वर्गाच्या निमित्ताने मुलांचा धर्म तर बदलणार नाही ना? या पुस्तकांत बहाई वचने आणि प्रार्थना आहेत. ते पालकांना पहिल्याच भेटीत पुस्तक हातात देऊन सांगितले पाहिजे. वर्ग सर्व धर्मांच्या मुलांसाठी खुले असतात, येणाऱ्याने बहाई व्हावे अशी अट नसते. पक्षीय राजकारणापासून हा समाज कटाक्षाने दूर राहतो आणि आपल्या धर्मनिधीत फक्त बहाईंचीच देणगी घेतो. पालकांनी वर्गात येऊन मागे बसावे, ऐकावे. मोकळेपणाने चालणाऱ्या वर्गाला त्याची अडचण होत नाही.

तरुणांच्या या कामाला जगभर वेग आला तो २०१३ मध्ये. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात बहाई समाजाने ११४ ठिकाणी युवक संमेलने भरवली. ऐंशी हजारांहून अधिक तरुण त्यांना आले. तिथेही भर भाषणांवर नव्हता. लहान गटांत बसून, आपापल्या वस्तीत परतल्यावर काय करायचे ते ठरवण्यावर होता.

उन्हाळी वर्गाची खरी परीक्षा जूनमध्ये होते. शाळा उघडतात, पाऊस सुरू होतो, ट्यूटर आपल्या गावी परततो. ओट्यावरचा मुलांचा वर्ग रविवारी कोणाच्या पडवीत भरेल, हे शिबिराच्या शेवटच्या सकाळी नावानिशी ठरवावे लागते, नाहीतर तो भरत नाही. किशोरांचा गट तीन वर्षे चालवायचा असतो. बाराव्या वर्षी त्यात आलेला मुलगा पंधरा वर्षांचा झाला की पहिले पुस्तक त्याच्या हाती येते. तोवर मागच्या रांगेत बसून चित्रे रंगवणारी त्याची धाकटी बहीण गटात यायच्या वयाची झालेली असते.