गर्भाशयातील गाठी आणि वंशभेद

गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणारी फायब्रॉइडची गाठ ही कर्करोगाची गाठ नव्हे. ती शरीरात इतरत्र पसरत नाही. कित्येक स्त्रियांना तर तिचा जन्मभर पत्ताही लागत नाही. परंतु जिला ती जाचते, तिचे हाल मोठे असतात. अतिरक्तस्राव, रक्तक्षय, ओटीपोटातील जडपणा, क्वचित वंध्यत्व आणि शेवटी गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, येथवर मजल जाते.

हा विकार सर्व वंशांच्या स्त्रियांना होतो. मात्र सारखा होत नाही. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार वयाच्या पन्नाशीपर्यंत गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के, तर कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणींना या गाठी होतात. हे अंतर फारसे वाटणार नाही. खरा भेद पुढेच आहे. कृष्णवर्णीय स्त्रियांत गाठी लहान वयात दिसू लागतात, संख्येने अधिक असतात आणि मोठ्याही होतात. गोऱ्या स्त्रियांत पस्तिशीनंतर गाठींची वाढ मंदावते, कृष्णवर्णीय स्त्रियांत ती तशी मंदावत नाही, असे २००८ मधील एका अभ्यासात दिसून आले. साहजिकच गर्भाशय गमावण्याची पाळीही त्यांच्यावरच अधिक येते.

असे का व्हावे? 'त्यांच्या रक्तातच ते आहे,' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण शास्त्राला तेवढ्यावर थांबता येत नाही.

प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून जन्म घेते. सुमारे ७० टक्के गाठींत 'एमईडी-१२' नावाच्या एकाच जनुकात बिघाड झालेला असतो, असे हेलसिंकी येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले. हा बिघाड उपजत नसतो. गर्भाशयाच्या एखाद्या पेशीत तो पुढे केव्हातरी घडतो. शिवाय तो निरनिराळ्या वंशांच्या स्त्रियांत सापडतो. म्हणजे गाठीचे बी कसे पडते, हे यावरून कळते. ते एके ठिकाणी अधिक का फोफावते, हे कळत नाही.

या वाढीला पोसणारी द्रव्ये म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके. त्यांपैकी इस्ट्रोजेन बीजकोशातून तर येतेच, पण अरोमाटेज नावाच्या विकराच्या साह्याने गाठ ते स्वतःही तयार करते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गोऱ्या व जपानी स्त्रियांच्या गाठींपेक्षा कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रियांच्या गाठींत या विकराचे प्रमाण अधिक आढळले.

दुसरा धागा ड जीवनसत्त्वाचा. प्रयोगशाळेत हे जीवनसत्त्व गाठीच्या पेशींच्या वाढीला आवर घालते. त्वचा ते उन्हात तयार करते. पण तेवढ्याच उन्हात गडद त्वचेत ते कमी तयार होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वॉशिंग्टनमधील अभ्यासात पुरेसे ड जीवनसत्त्व गोऱ्या स्त्रियांपैकी निम्म्या जणींत होते, तर कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी जेमतेम दहा टक्क्यांत. आणि ज्यांच्यात ते पुरेसे होते, त्यांच्यात गाठी असण्याचा संभव सुमारे ३२ टक्क्यांनी कमी होता. हा संबंध दोन्ही वंशांत सारखाच दिसला, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

तिसरा धागा शरीराबाहेरचा आहे. १९९५ पासून अमेरिकेतील सुमारे ५९ हजार कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्याचा मागोवा घेतला जात आहे. वर्णद्वेषाचा अनुभव ज्यांना अधिक आला, त्यांच्यात या गाठींचे प्रमाण अधिक असल्याचे २००७ मध्ये, आणि केस सरळ करण्याच्या रासायनिक द्रव्यांशीही गाठींचा संबंध असल्याचे २०१२ मध्ये या पाहणीतून पुढे आले. असा संबंध म्हणजे कारणाचा पुरावा नव्हे, हे खरे. तथापि पेशी समाजापासून अलिप्त राहत नाही, एवढी शंका घेण्यास तो पुरेसा आहे.

तात्पर्य, वंश हे या विकाराचे कारण नव्हे. अनेक कारणांच्या गाठोड्यावर लावलेली ती एक चिठ्ठी आहे. चिठ्ठी वाचून गाठोडे बाजूला ठेवले, तर आतील विकर, जीवनसत्त्व आणि रसायन तसेच राहते. वेळीच सोनोग्राफी झाली, तर औषधे देता येतात, केवळ गाठ काढता येते किंवा तिचा रक्तपुरवठा तोडता येतो. आईने सोसले, मावशीने सोसले, म्हणून आपणही सोसावे, असे मानणाऱ्या स्त्रीला हे कोणीतरी वेळेवर सांगितले पाहिजे.