अकरावीची निवड की ज्ञानाची फाळणी?

(दहावी उत्तीर्ण विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



दहावीचा निकाल लागला की घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : किती टक्के पडले? तुला कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधावेसे वाटते, असे मुलाला क्वचितच कोणी विचारतो. टक्के अधिक असतील तर विज्ञान, मध्यम असतील तर वाणिज्य आणि उरलेल्यांना कला, अशी जणू वर्णव्यवस्थाच आपण अकरावीच्या दारात उभी केली आहे. अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र हे विषय बहुधा निवडले जात नाहीत. ते वाट्याला येतात. या रूढीविषयी आज मला बोलावयाचे आहे.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. एम.ए.च्या वर्गात 'गणित सुटावे म्हणून कला शाखा घेतली' असे सांगणारे विद्यार्थी दरवर्षी भेटत. फळ्यावर साधे समीकरण लिहिले तरी त्यांचे चेहरे उतरत. बुद्धीने ते कमी नव्हते. सोळाव्या वर्षी बंद झालेले दार एकविसाव्या वर्षी उघडत नव्हते, इतकेच. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. माणसाला रोज किती उष्मांक लागतात आणि तेवढे अन्न मिळण्यासाठी किती खर्च करावा लागतो, या हिशेबावर तो उभा होता. आहारशास्त्र आणि संख्याशास्त्र यांच्यावाचून तो लिहिताच आला नसता. गरिबाची बाजू मांडण्यास कळवळा पुरत नाही. आकडे वाचता यावे लागतात.

आता भिंतीच्या दुसऱ्या बाजूस पाहू. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचे काम उभे केले. ते शिक्षणाने अभियंता होते. पाणी अडवावे कसे आणि उचलावे कसे, हे अभियांत्रिकीच्या पुस्तकात सापडते. पण अडविलेले पाणी कुणाचे? या प्रश्नाला ते पुस्तक मुके असते. साळुंखे यांनी पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातील माणसांच्या संख्येने द्यावयाचे ठरविले, भूमिहीनालाही त्यात हक्क दिला आणि उसाला मनाई केली. पंप विज्ञानाने चालला. न्याय मात्र समाजाच्या अभ्यासातून आला. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी प्राचीन आहत नाण्यांची वजने संख्याशास्त्राने तपासली आणि भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी दिशा दिली. अशी माणसे शाखांच्या कुंपणात मावत नाहीत.

कुणी म्हणेल, हे अपवादात्मक पुरुष होते. सामान्य विद्यार्थ्याला हे कसे जमावे? त्यासाठी थोडे बाहेर पाहावे लागेल. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षानंतर अनेक मुले 'सिक्स्थ फॉर्म कॉलेजा'त जातात. तेथे ए-लेव्हलसाठी सामान्यतः तीनच विषय घेतात. इतक्या लवकर अभ्यास अरुंद होतो, अशी तक्रार सी. पी. स्नो यांनी १९५९ सालीच केली होती आणि ती रास्त होती. तथापि तेथील विद्यार्थी भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र आणि इतिहास असे तीन विषय एकत्र घेऊ शकतो. तो शाखा निवडीत नाही, विषय निवडतो. मात्र तेथेही गरीब घरच्या मुलांना शिकत राहता यावे म्हणून मिळणारा आठवड्याचा भत्ता सरकारने २०११ साली बंद केला. हाती पैसा नसेल, तर निवडीचे स्वातंत्र्य कागदावरच राहते, हा धडा आपणही घ्यावा.

आपल्याकडे काय घडले? माध्यमिक शाळेतच मुलांच्या शाखा पाडू नयेत, दहावीपर्यंत सर्वांना समान शिक्षण द्यावे, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. ती फाळणी आपण अकरावीपर्यंत पुढे ढकलली आणि तेथे मात्र ती पक्की केली. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि विज्ञान शाखा ही जिज्ञासेची न राहता प्रवेशपरीक्षेची वाट झाली. आज त्या वाटेवर महाविद्यालयाच्या जोडीने खासगी शिकवणीवर्गाचेही शुल्क भरावे लागते. शेत गहाण टाकून ते भरणारे बाप मी पाहिले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने कला आणि विज्ञान यांत ताठर भिंत नको, असे लिहिले. भिंत शब्दांनी पडत नाही. राज्य मंडळाचे गणिताचे पुस्तक कला व विज्ञान या दोन्ही शाखांसाठी एकच आहे; परंतु कला शाखेच्या विद्यार्थ्याला गणित शिकविण्याची सोयच पुष्कळ महाविद्यालयांत नसते. पुस्तक आहे, शिक्षक नाही!

म्हणून माझी मागणी शासनाकडे आहे आणि विनंती तुमच्याकडे आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात तरी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्र आणि कलेच्या विद्यार्थ्याला गणित घेता आले पाहिजे. त्यासाठी शिक्षक नेमले पाहिजेत, प्रयोगशाळा चालती असली पाहिजे. या मागणीसाठी पालकांनी संघटित व्हावे. शिकवणीचे शुल्क मुकाट्याने भरण्यापेक्षा सार्वजनिक महाविद्यालय सुधारण्यासाठी भांडणे अधिक स्वस्त आणि अधिक न्याय्य आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, विज्ञान घेणार असाल तर जरूर घ्या; पण आपल्या गावचे पाणी, जमीन आणि मजुरी यांचा हिशेब समजून घेतल्यावाचून राहू नका. समाजशास्त्रे घेणार असाल तर मान खाली घालून घेऊ नका, आणि गणिताचा हात सोडू नका. धरण कसे बांधावे हे जाणणारा आणि धरणामुळे कोण उठणार हे जाणणारा, ही दोन माणसे एकमेकांना ओळखेनाशी झाली की निर्णय तिसराच माणूस घेतो. तो बहुधा कंत्राटदार असतो.